पाळणाघराचं स्वयंपाकघर आणि साफसफाई : कामाचा क्रम कसा लावावा

पाळणाघराच्या दारातच फिनाइलचा वास आला की पालक निर्धास्त होतात. आत काम करणाऱ्यांनी मात्र त्या वासावर फार विसंबू नये. लहान मुलांच्या जागी जुलाब, उलट्या, सर्दी पसरते ती बहुतेक वेळा हातांवरून, फडक्यांवरून आणि एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात गेलेल्या खेळण्यांवरून. फरशी कितीही चकचकीत असली, तरी डायपर बदलून आलेल्या हातांनी कोणी फळं चिरायला घेतली तर सगळं मुसळ केरात. म्हणून इथे घासण्या-पुसण्याच्या युक्त्यांपेक्षा क्रमावर भर आहे: कशाआधी काय, कशानंतर काय, आणि कोणती दोन कामं एकाच माणसाकडे एकाच दिवशी द्यायची नाहीत.

आधी माणसं वाटा, मग कामं

सकाळी सगळ्यात आधी ठरवायचं ते हे: आज स्वयंपाकघर कोणाकडे आणि डायपर-बाथरूम कोणाकडे. या दोन नावांत शक्यतो दिवसभर अदलाबदल नको. माणसं कमी असतील आणि तीच व्यक्ती दोन्हीकडे लागणारच असेल, तर स्वयंपाकाचं काम आधी उरकायचं, अन्न झाकून ठेवायचं आणि मगच डायपरकडे वळायचं. परत स्वयंपाकघरात यायची वेळ आलीच, तर अ‍ॅप्रन बदलून आणि साबणाने नीट हात धुऊनच.

फळ्यावर नुसतं ‘आज स्वयंपाक’ असं लिहून भागत नाही. जेवायला गेलेल्याच्या जागी कोण, लवकर घरी जाणाऱ्याच्या जागी कोण, हेही लिहा. गडबड होते ती नेमकी या मधल्या अर्ध्या तासात. खोलीत कोणीतरी रडतंय, भांडी सिंकमध्ये पडलीत, आणि ‘मी बघते’ म्हणत जी व्यक्ती आत शिरते ती कुठून आली हे कोणी विचारत नाही.

ज्याला उलट्या किंवा जुलाब होताहेत त्याने कामावर यायचं नाही आणि त्रास पूर्ण थांबल्यावरही ४८ तास यायचं नाही. बरं वाटू लागल्यानंतरही विषाणू शरीराबाहेर पडत राहतात. हा नियम कागदावर सगळीकडे असतो, पण त्या दोन दिवसांचा पगार कापला जाणार असेल तर माणूस पोट दाबत कामाला येणारच. तेव्हा चालकांनी हा नियम लावताना रजेचाही विचार करावा.

हाताला कापलं असेल तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी आणि वर हातमोजा घाला. जखमेतल्या आणि नाकातल्या स्टॅफिलोकोकस जिवाणूने अन्नात विष तयार केलं, तर ते पुन्हा उकळूनही जात नाही.

हात

हात धुणं सगळ्यांना येतं असं आपण धरून चालतो. एकदा सिंकपाशी उभं राहून पाहा: साबण तळव्यांना लागतो, दोनदा चोळला जातो, नळ बंद. अंगठे, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्याच राहतात. साबण लावून पुरते २० सेकंद चोळायचं, आणि त्यात अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा, बोटांची टोकं तळव्यावर घासायची. मग धुवायचं, एकदाच वापरायच्या कागदाने पुसायचं आणि त्याच कागदाने नळ बंद करायचा. नळ उघडताना हात घाणच होते, हे विसरायचं नाही. स्वयंपाकघरात अंगठ्या आणि लांब नखं नकोत.

कधी धुवायचे? कामावर आल्यावर, स्वयंपाकघरात शिरताना, कच्चं मांस-मासे-अंडी हाताळल्यावर, डायपर बदलल्यावर, मुलाचं किंवा स्वतःचं नाक पुसल्यावर, कचऱ्याला हात लावल्यावर, आणि फोन हातात घेतल्यावर. फोन शक्यतो स्वयंपाकघराबाहेरच ठेवा.

सॅनिटायझरबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. मळकट हातांवर तो नीट चालत नाही, उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि हाताला लागलेला शेंगदाण्याचा किंवा दुधाचा अंश तो काढून टाकत नाही. त्यामुळे जिथे साबण-पाणी आहे तिथे साबण-पाणीच. हातमोज्यांचंही तसंच. तोच मोजा घालून कचऱ्याचं झाकण उघडलं आणि पोळी वाढली, तर मोजा घातल्याचा फायदा फक्त घालणाऱ्याला.

स्वयंपाकघर उघडताना

पहिलं काम फ्रिजचं तापमान पाहणं. आत ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी हवं, फ्रीझरमध्ये उणे १८. दारावरच्या आकड्यावर न जाता आत एक साधा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-दुपार आकडा लिहा. रात्री वीज गेली असेल तर दार बंद असलेला फ्रिज साधारण ४ तास थंडावा धरतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. वीज किती वेळ नव्हती हेच कळत नसेल आणि दूध, मांस, शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या वर गेलेलं दिसत असेल, तर वास घेऊन ठरवू नका, टाकून द्या. आजारी पाडणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना वास नसतो.

फ्रिजमध्ये शिजवलेलं आणि तसंच खायचं अन्न वर, कच्चं मांस-मासे सगळ्यात खालच्या फळीवर झाकणाच्या डब्यात, म्हणजे गळलं तरी दुसऱ्या कशावर पडणार नाही. बाळांच्या दुधाला वेगळा कप्पा. उघडलेल्या प्रत्येक डब्यावर उघडल्याची तारीख. नवीन माल मागे, जुना पुढे.

मग ओटा. रात्री पुसलेला असला तरी सकाळी पुन्हा आधी साबण-पाण्याने आणि मग निर्जंतुक करणाऱ्या द्रवाने पुसून वाळू द्या. रात्रीत त्यावरून काय चाललंय ते आपण पाहिलेलं नसतं.

शिजवणं, गार करणं, पुन्हा गरम करणं

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाच्या पाच गोष्टी मांडल्या: स्वच्छता राखा, कच्चं आणि शिजवलेलं वेगळं ठेवा, पूर्ण शिजवा, योग्य तापमानात ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. पाचही सोप्या वाटतात. पाळणाघरात घसरतं ते चौथ्यावर, कारण मुलं एका वेळी जेवत नाहीत. कोणी झोपलंय, कोणी उशिरा आलंय, कोणाचे पालक ‘तीन वाजता भरवा’ म्हणून सांगून गेलेत.

५ ते ६० अंशांच्या मधे जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न एकतर ६० च्या वर गरम राहिलं पाहिजे, नाहीतर ५ च्या खाली थंड. मधल्या पट्ट्यात ते २ तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही. शिजताना पदार्थाच्या मध्यभागी किमान ७० अंश व्हायला हवेत. हे डोळ्याने कळत नाही, अन्नाचा सळईवाला थर्मामीटर लागतो. तो बर्फाच्या पाण्यात धरून शून्य दाखवतो का, हे मधूनमधून तपासा, आणि प्रत्येक पदार्थानंतर सळई पुसून निर्जंतुक करा.

झोपलेल्या मुलाचं जेवण बाजूला काढायचं असेल तर ते वाढपाच्या आधी, स्वच्छ डावाने, मूळ भांड्यातून काढा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. ताटात वाढून झालेलं, कोणाच्या चमच्याने ढवळलेलं अन्न उष्टं झालं. ते ठेवायचं नाही.

मोठ्या पातेल्यातलं गरम अन्न तसंच फ्रिजमध्ये सरकवणं ही फार जुनी सवय आहे. पातेल्याच्या मधलं अन्न तासन् तास कोमट राहतं आणि शेजारचं दूधही तापवतं. उथळ पसरट ताटल्यांत काढा, बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून ढवळा. २ तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या ४ तासांत ५ अंशांपर्यंत उतरलं पाहिजे. भाताला विशेष जपा. बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते उगवतात, विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने नाहीसं होत नाही. बाहेर राहिलेला भात वाफ येईपर्यंत तापवला म्हणून सुरक्षित होत नाही, तो टाकायचाच. पुन्हा गरम करायचंच तर एकदाच, आणि मध्यापर्यंत ७५ अंश.

कच्च्या मांसाचा आणि तयार अन्नाचा चिरायचा पाट, सुरी वेगवेगळी. शक्य असेल तर रंगही वेगळा.

बाळांचं दूध

इथे हयगय अजिबात चालत नाही. पावडरचं दूध डब्यात निर्जंतुक नसतं. त्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू असू शकतो आणि तान्ह्या बाळाला तो गंभीर आजारी पाडू शकतो. म्हणून पाणी उकळायचं, ३० मिनिटांच्या आत, म्हणजे ७० अंशांच्या खाली उतरायच्या आत, वापरायचं. आधी बाटलीत पाणी, मग डब्यासोबतच्याच चमच्याने सपाट मापाने पावडर. बाटली बंद करून हलवा, वाहत्या नळाखाली गार करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहा. बनवल्यापासून २ तासांत प्यायलं नाही तर ओतून टाका. आधी बनवून ठेवायचंच असेल तर लगेच गार करून ५ अंशांच्या खाली, आणि २४ तासांच्या आत.

आईचं काढलेलं दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. गोठवलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवून विरघळवलं तर पूर्ण विरघळल्यापासून २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावून सोडलेलं दूध २ तासांनंतर ठेवायचं नाही. पाळणाघराने मात्र यापेक्षा सोपा नियम लावावा: दूध त्या दिवशीचं त्या दिवशी, उरलेलं पालकांकडे परत. प्रत्येक बाटलीवर बाळाचं पूर्ण नाव आणि तारीख. एकाच नावाची दोन बाळं असतील तर आडनाव ठळक.

मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवायचं नाही. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत मधेच चटका बसेल इतका गरम भाग राहतो. कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. आणि चुकून एका बाळाला दुसऱ्या आईचं दूध गेलं, तर ते लपवण्यासारखं नाही. दोन्ही घरांना त्याच दिवशी सांगायचं आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा.

एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध नाही, चाटण म्हणूनही नाही आणि औषधाबरोबरही नाही. त्यातल्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचं ताट

दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड, गहू, सोया, तीळ, मासे, कोळंबी-खेकडे: बहुतेक गंभीर अ‍ॅलर्जी यांतल्याच कशाची तरी असते. शिजवल्याने धोका जातो असं धरून चालू नका.

यादी स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. त्यात मुलाचा फोटो, काय चालत नाही आणि त्रास झाला तर काय करायचं, हे सगळं. बाहेर भिंतीवर नको, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचायची ती गोष्ट नाही.

मग दिवसाचा क्रम. या मुलाचं जेवण सगळ्यात आधी बनवायचं, स्वच्छ धुतलेल्या ओट्यावर, वेगळ्या भांड्यांत. झाकून वर नाव चिकटवायचं. भरवणाऱ्याच्या हातात देताना तोंडाने सांगायचं, ‘हे अमक्याचं, दूध नाही,’ आणि घेणाऱ्यानेही ते परत म्हणून दाखवायचं. बावळटासारखं वाटतं, पण गोंधळाच्या वेळी हेच उपयोगी पडतं. बसवतानाही असं बसवा की शेजारच्याच्या ताटात त्याचा हात जाणार नाही, आणि जेवण संपेपर्यंत एक मोठं माणूस जवळच हवं.

चूक बहुधा नेहमीच्या जेवणात होत नाही. ती होते बदलीच्या दिवशी: ठरलेलं बिस्कीट संपलं, दुसऱ्या कंपनीचं आणलं, पाकिटामागचं कोणी वाचलंच नाही. साहित्यात बदल केला की स्वयंपाक करणाऱ्याने खोलीतल्या ताईला सांगायचंच. त्याच कंपनीचा माल असला तरी प्रत्येक नव्या पाकिटाची यादी वाचायची, कारण कंपन्या घटक बदलतात. गंभीर अ‍ॅलर्जी उसळली की द्यायचं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन कुठे आहे आणि कसं द्यायचं हे स्वयंपाकघरातल्या माणसालाही माहीत हवं.

चिरणं आणि वाढणं

घशात अडकणारे पदार्थ ओळखीचेच असतात. अख्खे दाणे आणि सुकामेवा ५ वर्षांच्या आत नाही, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या नाहीत. द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चार भागांत चिरायचे. आडव्या चकत्या नकोत, त्या श्वासनलिकेच्या मापाच्या असतात. कच्चं गाजर किंवा सफरचंद लहानग्यांसाठी किसून किंवा वाफवून. मुलं बसून जेवतील, फिरत नाही.

वाढण्याआधी टेबल आणि मुलांचे हात. मुलांचे हातही वाहत्या पाण्यानेच, सगळ्यांना एकच ओला रुमाल फिरवून नाही.

उंच खुर्च्यांकडे जरा जवळून पाहू. ट्रेचा वरचा भाग प्रत्येक जेवणानंतर पुसला जातो. ट्रे काढा आणि उलटा करा. खाचेत, जिथे तो खुर्चीत सरकतो, तिथे खिमट वाळून करड्या रंगाची कड धरलेली असते. नखाने खरवडली तर पापुद्रा निघतो. पट्ट्यांच्या बकलमध्ये तेच. बाळ दात येत असताना नेमकी ती पट्टी चघळतं. म्हणून रोज एकदा ट्रे सुटा करून सिंकमध्ये धुवायचा, बकल जुन्या टूथब्रशने घासायचं, आणि कापडी पट्ट्या आठवड्यातून एकदा काढून धुवायच्या.

स्वयंपाकघराच्या दाराला मुलांना उघडता न येणारं फाटक हवं. पातेल्याचे दांडे आत वळवलेले. कर्मचाऱ्यांचा चहा-कॉफी मुलांच्या खोलीत अजिबात नाही. कप भरून १५ मिनिटांनंतरही तो लहान मुलाच्या कातडीला भाजू शकतो.

भांडी

खरकटं काढा, गरम पाण्यात साबणाने घासा, स्वच्छ पाण्यात विसळा, निर्जंतुक करा, निथळत ठेवा. निर्जंतुकीकरण एकतर ७७ अंशांच्या गरम पाण्यात ३० सेकंद बुडवून किंवा ब्लीचच्या पातळ द्रावणात सुमारे २ मिनिटं बुडवून. शेवटी फडक्याने पुसू नका. तीन टप्पे करून साफ केलेल्या भांड्यावर ओलसर फडकं फिरवलं की केलेलं पाण्यात गेलं. बाटल्यांची बुचं, झडपा सुट्या करून ब्रशने घासा. दूध साकळतं ते त्याच जागी.

घासणीबद्दल माझं मत कठोर आहे. स्पंज दिसायला ठीक असतो म्हणून आठवडे चालवला जातो. तो वापरायचाच नसेल तर उत्तम. त्याऐवजी धुऊन वाळवता येतील असे ब्रश आणि रोज बदलायची फडकी ठेवा.

धुणं, निर्जंतुक करणं आणि ब्लीचचं माप

निर्जंतुक द्रव मळावर काम करत नाही. ब्लीचची शक्ती अन्नाच्या, दुधाच्या, शेणामातीच्या थरावरच खर्ची पडते. त्यामुळे आधी साबण-पाणी, मग धुणं, मग निर्जंतुक द्रव. शिवाय तो बाटलीवर सांगितलेल्या वेळेइतका ओला राहिला पाहिजे. फवारला आणि लगेच पुसला, यात फक्त वास येतो.

ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचे टक्के लिहिलेले असतात. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर:

- भांडी, खेळणी, जेवणाचं टेबल: १ लिटर पाण्यात २ मिली, म्हणजे १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग).
- उलटी-जुलाबाची जागा: १ लिटर पाण्यात २० मिली, म्हणजे १००० पीपीएम.

टक्के वेगळे असतील तर हिशोब सोपा: हवं तेवढं पीपीएम भागिले (टक्के गुणिले १०), उत्तर लिटरमागे मिलीत. ४ टक्क्यांच्या बाटलीसाठी १००० ÷ ४० म्हणजे २५ मिली. हे अंदाजाने नको. मोजायचं सिरिंज किंवा छोटं माप बाटलीलाच बांधून ठेवा. पाणी थंड घ्या, द्रावण रोज ताजं करा, अपारदर्शक बाटलीत ठेवा आणि वर नाव-तारीख लिहा. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत कधीही भरू नका.

ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर क्लोरीन वायू निघतो, अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांवर जातात. फवारा मुलं खोलीत असताना मारू नका, दमा असलेल्या मुलाला तेवढंही पुरतं. फडक्यावर ओतून पुसा, खिडकी उघडा.

फडक्यांना रंग ठरवा: स्वयंपाकघराचा एक, टेबल-खेळण्यांचा दुसरा, संडास-डायपरचा तिसरा. रंग कुठला हे गौण आहे. ‘आज निळं नाही, लाल घे’ असं एकदा झालं की ती पद्धत संपली. म्हणून फडकी गरजेपेक्षा जास्तच आणून ठेवा. वापरून झालेली ओली फडकी गोळा करून सिंकच्या कडेला टाकू नका. थेट धुण्याच्या डब्यात, ६० अंशांवर धुवा, पूर्ण वाळवा.

खेळणी आणि अंथरुणं

प्रत्येक खोलीत मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर झाकणाचा एक डबा ठेवा. तोंडात गेलेलं खेळणं दिसलं की त्यात टाका. दिवसाअखेर सगळं एकदम धुवा, विसळा, निर्जंतुक करा, वाळवा. तान्ह्यांच्या खोलीत हे रोजचं काम आहे, मोठ्यांच्या खोलीत आठवड्याचं चालतं. तान्ह्यांसाठी खेळण्यांचे दोन संच केले तर एक वाळत असताना दुसरा वापरात राहतो. कापडी खेळणी मशीनमध्ये जाणारीच घ्या.

चादर-दुपटं ज्याचं त्यालाच, आठवड्यातून एकदा धुणं, भिजलं तर लगेच.

डायपरची जागा

स्वयंपाकघरापासून लांब, स्वतःचं सिंक असलेली. त्या सिंकमध्ये बाटल्या किंवा फळं धुवायची नाहीत, कितीही घाई असो.

सगळं सामान आधी हाताशी काढा, कारण मुलावरून हात काढता येणार नाही. कागद पसरा, हातमोजे घाला, मळलेला डायपर काढून झाकणाच्या पायाने उघडणाऱ्या डब्यात टाका. पुसून झालं की मळके मोजे काढा आणि मगच स्वच्छ डायपर घाला. हा टप्पा हमखास गाळला जातो आणि मळक्या मोज्यांनीच नवीन डायपर, क्रीमची डबी, मुलाचे कपडे सगळं हाताळलं जातं. मग मुलाचे हात धुवा, त्याला खाली सोडा, गादी साबणाने पुसून निर्जंतुक करा, आणि शेवटी आपले हात. शी लागलेले कपडे तिथे खळबळू नका, शिंतोडे उडतात. पिशवीत बांधून घरी द्या.

उलटी झाली तर

याचं सामान एका झाकणाच्या बादलीत तयार हवं: मोजे, अ‍ॅप्रन, मास्क, कागदी टॉवेल, पिशव्या, माप, ब्लीच. ही बादली कुलुपातल्या कपाटात.

१. बाकीच्या मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, एक जण आजारी मुलाजवळ, एक जण साफसफाईला. खिडक्या उघडा.
२. मोजे-अ‍ॅप्रन-मास्क घालून उलटीवर कागदी टॉवेल अंथरा. बाहेरच्या कडेकडून मध्याकडे गोळा करा, पिशवीत टाकून बांधा. व्हॅक्यूम किंवा झाडू नको, त्याने कण हवेत जातात.
३. साबण-पाण्याने धुऊन पुसा.
४. १००० पीपीएमचं द्रावण पसरा, निदान ५ मिनिटं ओलं राहू द्या. डोळ्याला दिसते त्या डागापुरतं नाही, आजूबाजूला काही मीटरपर्यंत, टेबलाचे पाय आणि दाराची मूठ धरून.
५. स्वच्छ पाण्याने पुसून घ्या, त्या फरशीवर मुलं रांगणार आहेत.
६. मोजे उलटे करत काढा, सगळं एका पिशवीत, आणि साबणाने हात धुवा. कपड्यांवर उडालं असेल तर बदला.

त्या खोलीत उघडं अन्न असेल तर टाकून द्या. गालिच्यावर झाली असेल तर ब्लीचने रंग जाईल, तिथे वाफेचं मशीन चालवा. साफसफाई करणारी व्यक्ती त्या दिवशी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. दोन-तीन मुलांना एकदम त्रास झाला तर स्थानिक आरोग्य यंत्रणेला कळवा, आणि त्या दिवशीचा जेवणाचा तपशील जपून ठेवा.

फरशी

वरून खाली, स्वच्छ कोपऱ्यापासून घाण कोपऱ्याकडे, संडास सगळ्यात शेवटी आणि त्याचा मॉप वेगळा. मळलेलं पाणी बदला. एवढं पुरे.

बादलीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. नुकतं उभं राहू लागलेलं मूल बादलीत वाकलं तर तोल जाऊन डोकं खाली जातं आणि त्याला बाहेर येता येत नाही. काही सेंटिमीटर पाणीही जीव घ्यायला पुरतं. फोन वाजला, दार वाजलं, काहीही झालं तरी भरलेली बादली मुलांच्या आवाक्यात सोडून जायचं नाही. आधी ओतून टाका, मग दार उघडा.

दिवस संपताना, आणि नोंदी

नोंदवहीत थोडंच ठेवा: फ्रिजचं तापमान, शिजवलेल्या अन्नाचं तापमान, कोणती खोली कोणी किती वाजता साफ केली, काय टाकून दिलं. वीस रकाने केले की लोक नुसत्या खुणा करतात. आठवड्याअखेर एकाच पेनाने, एकाच झोकात भरलेला तक्ता लांबूनही ओळखू येतो. ५ च्या ऐवजी ८ अंश लिहिणाऱ्याला ओरडा बसत असेल, तर पुढच्या आठवड्यापासून सगळीकडे ४ च दिसेल. तेव्हा ८ लिहिणाऱ्याचे आभार माना आणि फ्रिज दुरुस्त करा.

निघण्याआधी कचरा बाहेर, डब्यात नवीन पिशवी. ओटा, सिंक, नळाची मूठ, फ्रिजचा दांडा साबणाने आणि निर्जंतुक द्रवाने. उरलेलं ब्लीचचं द्रावण ओतून बाटली रिकामी. मॉप धुऊन, पिळून, डोकं वर करून टांगलेला. रसायनांच्या कपाटाला कुलूप, किल्ली ठरलेल्या खुंटीवर. आणि सकाळी उघडणाऱ्यासाठी दोन ओळी: काय संपलंय, काय बिघडलंय, उद्या कोणत्या मुलाच्या जेवणात बदल आहे.